वेगवेगळ्या तिकिटांवर नागपूर ते एडिनबरा

नागपूरहून एडिनबराला एकाच तिकिटावर जाता येतं. इथून दोहा, तिथून एडिनबरा. बॅग नागपूरच्या काउंटरवर दिली की ती थेट स्कॉटलंडमध्ये पट्ट्यावर दिसते. दादा तिकडे राहतो, त्यामुळे हा मार्ग आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे. पण आई-बाबांना घेऊन जायचं ठरलं ते ऐन सुट्ट्यांमध्ये, आणि तिघांचं भाडं ऐकल्यावर बाबा म्हणाले, "राहू दे. तोच येईल दिवाळीत." विषय तिथेच संपला होता. मी तो पुन्हा काढला तो तीन तिकिटं जोडून: नागपूर-मुंबई एक, मुंबई-लंडन दुसरं, लंडन-एडिनबरा तिसरं. एकूण रक्कम इतकी खाली आली की बाबांनी चष्मा लावून आकडे स्वतः तपासले आणि मग होकार दिला.

बाबांचे गुडघे गेलेले आहेत. घरात काठीवर चालतात, पण विमानतळावरच्या अंतराला व्हीलचेअर लागते. आई चालायला ठणठणीत, पण तिची शुगर सांभाळून वेळेवर खाणं लागतं. हे सांगते, कारण वेगळ्या तिकिटांचा सगळा हिशेब शेवटी कोण बरोबर आहे यावर येऊन थांबतो.

तिकिटं काढण्याआधी मी एक गोष्ट नीट समजून घेतली. या तीन प्रवासांना जोडणारं विमान कंपन्यांच्या लेखी काहीही नसतं. एका तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी असते. वेगळ्या तिकिटांवर दुसऱ्या कंपनीला एवढंच दिसतं की प्रवासी आला नाही. नागपूरचं विमान धुक्यामुळे थांबलं होतं की मुंबईत ट्रॅफिक होता, याच्याशी तिचा संबंध नसतो. तिकीट गेलं ते गेलं, वर परतीचंही रद्द होतं. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. जाऊन-येऊन एकत्र काढलेल्या तिकिटातला पहिला टप्पा न कळवता चुकवला, तर पुढचे सगळे टप्पे सिस्टिममधून उडतात.

म्हणून नागपूर-मुंबई आणि लंडन-एडिनबरा ही तिकिटं मी जायची वेगळी, यायची वेगळी काढली. त्यातलं एखादं बुडालं तरी नुकसान तेवढ्यापुरतं. मुंबई-लंडन मात्र जाऊन-येऊन एकत्रच घ्यावं लागलं, कारण एकेरी तिकीट जवळजवळ तेवढ्यालाच पडत होतं. म्हणजे काहीही झालं तरी चुकवायचं नाही असं विमान एकच, मुंबईहून लंडनला जाणारं. सगळ्यात जास्त मोकळा वेळ त्याच्या आधी ठेवायचा, हे तिथेच ठरलं. लोक सरसकट विचारतात, "मध्ये किती तास ठेवायचे?" मला वाटतं प्रश्न असा विचारावा की पुढचं विमान चुकलं तर काय काय जाईल. जितकं जास्त जाणार, तितके तास जास्त.

पैशांचंही तसंच केलं. वाचलेल्या रकमेतून तिघांचं ऐनवेळचं मुंबई-नागपूर तिकीट आणि एका रात्रीचं हॉटेल एवढे पैसे मी बाजूला काढून ठेवले. ते वजा करूनही फायदा उरत होता, म्हणून हा मार्ग घेतला. तो उरला नसता तर दोहाच बरं होतं. प्रवास विम्यावर मी भिस्त ठेवली नाही. विमा कंपनीला फोन करून विचारलं तेव्हा कळलं की 'कनेक्शन चुकणं' या कलमात आमचे वेगळ्या तिकिटांवरचे टप्पे येतच नाहीत. पॉलिसीच्या पहिल्या पानावर मात्र ते कलम ठळक अक्षरात होतं. प्रत्येकाने आपली पॉलिसी उघडून हे बघावं.

आणखी एक गोष्ट बुकिंग करतानाच बघायची. काही वेबसाइट दोन वेगळ्या कंपन्यांची विमानं जोडून एकच प्रवास असल्यासारखी दाखवतात, पैसेही एकदमच घेतात. वेबसाइटचा बुकिंग नंबर एकच असतो, पण प्रत्येक विमानाचा सहा अक्षरी पीएनआर वेगळा निघतो. पीएनआर वेगळा म्हणजे बहुतेक वेळा तिकीट वेगळं, आणि कुठेतरी बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्सफर' असं लिहिलेलं असतं, म्हणजे बॅग घेऊन पुढचं विमान आपलं आपणच गाठायचं. अशा वेळी मधला देश तिसराच असेल तर व्हिसाचा मोठा प्रश्न येतो, कारण बॅग घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, म्हणजे त्या देशात प्रवेशच करावा लागतो. ब्रिटनचंच उदाहरण घ्या. तिथे विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलण्याचा ट्रान्झिट व्हिसा वेगळा आणि इमिग्रेशन ओलांडून पुढचं विमान पकडण्याचा वेगळा. आम्ही ब्रिटनलाच जात होतो, हातात व्हिजिटर व्हिसा होता, त्यामुळे ही अडचण आली नाही. लंडनवरून पुढे आणखी कुठे जायचं असतं तर मी आधी हेच तपासलं असतं.

तारखेचा घोळ हा मुंबईहून रात्री सुटणाऱ्या विमानांचा खास सापळा आहे. आमचं विमान रात्री दोननंतरचं होतं. तिकिटावर तारीख १५ असेल तर विमानतळावर जायचं १४ च्या रात्री, आणि नागपूरहून निघायचं १४ च्या सकाळी. एका तिकिटावर हा हिशेब कंपनी करते, इथे तो आपण करायचा. मी तिन्ही तिकिटं छापून घेतली आणि प्रत्येकावर पेनाने वार आणि 'घरातून निघायचं' ती वेळ लिहिली. आईने ते कागद देवघराशेजारी लावून ठेवले.

मग आलं वजन. मुंबई-लंडनला माणशी २३ किलोची बॅग होती, नागपूर-मुंबईला माणशी १५ किलो. एकाच तिकिटावर असतो तर पूर्ण प्रवासाला मोठी मर्यादा मिळाली असती. वेगळ्यावर देशांतर्गत कंपनी आपल्या नियमाने मोजते, आणि काउंटरवर जादा वजनाचा किलोमागे दर ऐकला की घाम फुटतो. जादा वजन आधी ऑनलाइन घेतलं तर थोडं स्वस्त पडतं. आमचा मावसभाऊ लग्नासाठी नागपूरला आला होता, तो परत जाताना रेल्वेने एक भरलेली बॅग मुंबईला घेऊन गेला. त्यात काळा मसाला, कुरडया, वहिनीचे ड्रेस असं सगळं. उरलेलं आम्ही तिघांच्या १५-१५ किलोत बसवलं. दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे संत्रा बर्फी मागे राहिली. आईला याचं फार वाईट वाटलं.

नागपूरचं विमान सकाळचं घेतलं होतं आणि ते मुंबईत दुपारच्या आत टर्मिनल एकला उतरलं. मुंबई विमानतळ नाव एक असलं तरी टर्मिनल एक पार्ल्याच्या बाजूला आणि टर्मिनल दोन सहारला. धावपट्ट्या दोघांच्या सामायिक, पण इमारतींत रस्त्याने काही किलोमीटरचं अंतर, आणि ते अंतर संध्याकाळच्या गर्दीत किती वेळ घेईल हे कुणी सांगू शकत नाही. आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल दोनवरूनच सुटतात. देशांतर्गत विमानं दोन्हीकडे उतरतात. तेव्हा नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगरहून येताना टर्मिनल दोनला उतरणारं विमान मिळालं तर ते जरा महाग असलं तरी घ्यावं, असं माझं मत आहे. ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो तीनची दोन्ही टर्मिनलजवळ स्थानकं झाली आहेत आणि त्यांच्यामध्ये फक्त सहार रोड हे एक स्थानक आहे. एकटा माणूस पाठीवर सॅक घेऊन सहज जाईल. आम्ही टॅक्सीच केली.

आता तर तिसरा मुद्दाही आला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. तिकीट शोधताना 'मुंबई' टाकलं की उलव्याहून सुटणारी विमानंही यादीत येतात. नागपूरहून तिथे उतरून सहारहून लंडन पकडायचं म्हणजे खाडी ओलांडून अख्खं शहर पार करायचं. मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. वेगळी तिकिटं काढणाऱ्याने पैसे भरण्याआधी ही तीन अक्षरं वाचायलाच हवीत.

आम्ही दिवस पार्ल्याला मावशीकडे काढला. बाबा जेवून झोपले, आईने मावशीशी पोटभर गप्पा मारल्या, मी बॅगांची नव्याने वाटणी केली. आता २३ किलो चालणार होते. मुद्दाम ठेवलेला तो मोकळा दिवस वाया गेला असं कुणालाही वाटलं नाही. नागपूरचं विमान रद्द झालं असतं तरी दुपारचं किंवा संध्याकाळचं पकडून आम्ही पोचलो असतो, हा त्याचा खरा उपयोग.

व्हीलचेअरबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ही माहिती मला कुठेच एकत्र मिळाली नाही. एका तिकिटावर व्हीलचेअरची विनंती एकदा नोंदवली की ती सगळ्या टप्प्यांना लागते. वेगळ्या तिकिटांवर प्रत्येक कंपनीकडे स्वतंत्र नोंदवावी लागते. मी तिन्हीकडे फोन केला आणि प्रत्येक तिकिटावर ती नोंद दिसते ना, याची खात्री केली. प्रवासाला निघण्यापूर्वी किमान ४८ तास आधी कळवायचं. ब्रिटनमध्ये ही मदत देणं विमानतळाचं काम आहे, पण सांगायचं विमान कंपनीलाच. आणि मदत मिळते ती त्या-त्या तिकिटापुरती. टर्मिनल एकच्या दारात व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाने बाबांना अगदी हात धरून टॅक्सीत बसवलं आणि तो परत गेला. टर्मिनल दोनला पुढची खुर्ची चेक-इन काउंटरवर मिळणार होती. म्हणजे टॅक्सीतून उतरल्यापासून गेटवरची तिकीट-पासपोर्टची तपासणी पार करून काउंटरपर्यंत बाबांना चालवत न्यायचं होतं. मी आधी आईला आणि बाबांना दारातल्या बाकावर बसवलं, ट्रॉली आणली, मग सावकाश आत गेलो. या मधल्या तुकड्यांना वेळ लागतो आणि तो कोणत्याही कंपनीच्या वेळापत्रकात नसतो.

काउंटरवर मी विचारून पाहिलं, "बॅगा एडिनबरापर्यंत टॅग होतील का?" पुढचं तिकीटही दाखवलं. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मॅम, तिकीट वेगळं आहे, लंडनलाच घ्याव्या लागतील." पूर्वी काही कंपन्या वेगळ्या तिकिटांवरही बॅग पुढे पाठवत. आता बहुतेकांनी ते बंद केलं आहे. तरी विचारावं, विचारायला पैसे पडत नाहीत. टॅगवरची अक्षरं मी स्वतः वाचली, एलएचआर, म्हणजे लंडनचा हीथ्रो विमानतळ. कुणी चुकून पुढचा टॅग लावला आणि दुसऱ्या कंपनीला त्याची खबर नसली, तर बॅग मध्येच अडकते.

हीथ्रोला सकाळी उतरलो ते टर्मिनल तीनला. एडिनबराचं विमान पाचवरून, दुपारचं. मध्ये ठेवलेले तास बघून दादा फोनवर म्हणाला होता, "एवढा वेळ काय करणार तुम्ही तिथे?" प्रत्यक्षात ते तास असे संपले. भारतीय पासपोर्टला तिथली ई-गेट्स चालत नाहीत, अधिकाऱ्यापुढेच जावं लागतं. व्हीलचेअरमुळे आम्हाला वेगळ्या रांगेतून नेलं, पण सकाळी भारतातून आणि आखातातून एकापाठोपाठ विमानं उतरतात आणि व्हीलचेअरवाल्यांचीच मोठी रांग होती. अधिकाऱ्याने बाबांना विचारलं, कुणाकडे चाललात, किती दिवस, परत कधी. मी दादाचं पत्र, परतीची तिकिटं आणि एडिनबराचं तिकीट एका फाइलमध्ये ठेवलं होतं. ही फाइल हातातल्या पिशवीत हवी, बॅगेत नाही. मग बॅगा, मग कस्टम्सचा हिरवा मार्ग, मग बाहेरचा हॉल. मदतनीस बाईंचं काम तिथे संपलं. त्या बाबांना "टेक केअर" म्हणून गेल्या.

टर्मिनलमधून टर्मिनलमध्ये जाणारी रेल्वे हीथ्रोवर फुकट आहे. टर्मिनल दोन आणि तीनचं स्थानक एकच. तिथून पाचला जाणारी गाडी काही मिनिटांत पोचवते. फक्त बोर्ड नीट वाचायचा, कारण काही गाड्या चारला जातात. लिफ्ट सगळीकडे आहेत. पण विमानतळाच्या त्या बोगद्यांमधून चालत स्थानक गाठणं बाबांना जड गेलं. दोनदा थांबलो. आईने डब्यातले थालीपीठाचे तुकडे काढले आणि आम्ही ट्रॉलीशेजारी उभ्याउभ्या खाल्ले. टर्मिनल पाचला पोचल्यावर पुन्हा मदतकक्ष शोधला, पुन्हा खुर्ची, पुन्हा बॅगा जमा, पुन्हा सिक्युरिटी. गेटवर जाऊन बसलो तेव्हा बोर्डिंगला फार वेळ उरला नव्हता. कमी तासांचं विमान घेतलं असतं तर बाबांना आम्ही अक्षरशः ओढत नेलं असतं.

एडिनबराचे दिवस दादाच्या घरचे, ते इथे लिहीत नाही.

परतीचा प्रवास जुलैत होता आणि मुंबईचा जुलै मला माहीत आहे. लंडनहून येणारं विमान सकाळी उशिरा उतरणार, म्हणून मुंबई-नागपूर मी रात्रीचं घेतलं होतं, तारखेत बदल करता येईल असं. मुंबईच्या जवळ आल्यावर विमान घिरट्या घालू लागलं. खाली ढगांशिवाय काही दिसत नव्हतं. मग कॅप्टनने सांगितलं, दृश्यमानता कमी आहे, आपण अहमदाबादला उतरतोय. तिथे उतरल्यावर कुणालाही बाहेर सोडलं नाही. आंतरराष्ट्रीय विमान, इमिग्रेशन मुंबईतच व्हायचं. इंधन भरणं, मुंबईकडून परवानगी येणं, आणि या सगळ्यात वैमानिकांच्या कामाचे तास संपत आले तर दुसरे वैमानिक येणं. किती वेळ लागेल हे केबिनमधल्या कुणाच्याही हातात नव्हतं.

माझं भारतातलं सिमकार्ड मी रिचार्ज करून चालू ठेवलं होतं. अहमदाबादच्या धावपट्टीशेजारी उभ्या विमानात ते सगळ्यात मोलाचं ठरलं. देशांतर्गत विमानाचं तिकीट सुटण्याच्या काही तास आधीपर्यंत बदलता येतं, शुल्क आणि भाड्यातला फरक भरून. ती मुदत गेली की तुम्ही 'न आलेले प्रवासी' होता आणि मग फक्त विमानतळाचे कर आणि शुल्कं तेवढी परत मागता येतात. मी वेळ मोजली. आम्ही अजून जमिनीवर, मुंबईला पोचायला उड्डाणाचा तास, मग इमिग्रेशन, व्हीलचेअर, बॅगा, मग टर्मिनल दोनहून एक, तेही तुंबलेल्या रस्त्यांतून. बसणं शक्य नव्हतं. आईला वाटत होतं अजून थोडं थांबून बघू. तिला म्हटलं, "आई, आशेवर थांबलो तर तिघांचे पैसे जातील." ॲपवरून तिन्ही तिकिटं दुसऱ्या दिवशी दुपारची करून टाकली. फरक भरला, तो बाजूला काढून ठेवलेल्या पैशांतून. मावशीला फोन केला. ती म्हणाली, "भात लावते."

शेजारच्या रांगेतला एक तरुण गोव्याला जाणार होता, त्याचंही वेगळं तिकीट. त्याला मी हे सांगितलं आणि त्याने त्याचं तिकीट मुदतीच्या आत बदललं. त्याच्यापुढे बसलेल्या कुटुंबाचं हैदराबादपर्यंत एकच तिकीट होतं. ते निवांत होते. त्यांना काहीच करायचं नव्हतं, मुंबईत उतरल्यावर कंपनीच त्यांना पुढच्या विमानात बसवणार होती. वेगळ्या तिकिटात नक्की काय सोडून द्यावं लागतं, ते मला त्या दोन रांगांमध्ये दिसलं.

मुंबईत अंधार पडल्यावर उतरलो. आई-बाबा पार्ल्याला मावशीकडे जेवून झोपले आणि दुसऱ्या दिवशी टर्मिनल एक अगदी चालत जाण्याइतकं नाही, तरी जवळच होतं. मावशीचं घर नसतं तर मी सहारजवळचं हॉटेल बघून ठेवलं होतं.

घरी आल्यावर बाबांनी पुन्हा हिशेब मांडला. बदलाचं शुल्क, टॅक्सी, सगळं धरूनही पैसे वाचले होते. दादाकडे बाळ येणार आहे, तेव्हा पुढच्या वेळी ते दोघंच जाणार आणि मी बरोबर नसेन. बाबा म्हणाले, "असंच काढ ना, स्वस्त पडतं." त्यांना मी नाही म्हटलं. विमानात बसून तिकीट बदलणारं, टर्मिनल शोधणारं, ट्रॉली ढकलणारं कुणी बरोबर असेल तरच ही तिकिटं. त्या दोघांचं नागपूर-दोहा-एडिनबरा एकच काढणार आहे. व्हीलचेअर एकदा नोंदवायची, बॅगा नागपूरला द्यायच्या आणि दादाने एडिनबराच्या दारात उभं राहायचं.